गृहपाठातून निघालेली गोष्ट

मे 2011 मध्ये 58 वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा दिग्दर्शकाच्या पहिल्या नॉन-फीचर चित्रपटाचा पुरस्कार ‘पिस्तुल्या’ या मराठी लघुपटाला मिळाला. शाळेची ओढ लागलेल्या एका पारधी मुलाची ही गोष्ट. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन अभ्यासाचं पदव्युत्तर शिक्षण घेताना, अभ्यासक्रमाचाच एक भाग म्हणून त्यांनी हा लघुपट केला. पुढे ‘फँड्री’ आला, ‘सैराट’ आला, मंजुळे घराघरांत पोचले आणि ‘पिस्तुल्या’चा हा उगम चरित्रातल्या एका ओळीपुरता उरला. या प्रकरणात मला तीच ओळ मोठी करून वाचायची आहे. ज्या शहराला 2024 पासून आपण अहिल्यानगर म्हणतो, तिथे ना चित्रपटनगरी, ना स्टुडिओ, ना पुण्यासारखी राष्ट्रीय चित्रपट संस्था. अशा जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात गुणांसाठी केलेल्या कामाची देशपातळीवर दखल घेतली जाते, ते कशाच्या बळावर? ‘प्रतिभेच्या’ असं म्हणून विषय मिटवता येतो, पण मग शिक्षणाबद्दल बोलण्यासारखं काही राहत नाही. माझं म्हणणं असं आहे की गोष्ट सांगायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात खरं शिक्षण होतं ते निर्णय घेण्यात: काय घ्यायचं, काय सोडायचं, कुणाला विचारायचं, कुठे थांबायचं. हातातलं यंत्र यात फार खालच्या क्रमांकावर येतं. आणि विद्यार्थ्याला ते निर्णय स्वतःच्या शब्दांत मांडता आले, तरच ते पुढच्या कामाला उपयोगी पडतात.

‘डिजिटल स्टोरीटेलिंग’ हे नाव आता अभ्यासक्रमांत रुळलं आहे, पण त्याची जन्मकथा आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डेना अ‍ॅचली नावाचा कलावंत घरातले जुने फोटो आणि चित्रफिती पडद्यावर दाखवत आपल्या आयुष्यातले प्रसंग सांगायचा. रंगभूमीवर वावरणारे जो लॅम्बर्ट यांना त्यातली ताकद दिसली आणि 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सामान्य माणसांसाठी कार्यशाळा सुरू झाल्या. 1998 मध्ये बर्कलीत त्यासाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. पद्धत साधी. काही माणसं गोल करून बसतात, प्रत्येक जण आपली एक गोष्ट तोंडी सांगतो, बाकीचे ऐकतात आणि विचारतात. मग ती गोष्ट अडीचशे-तीनशे शब्दांत लिहायची, स्वतःच्या आवाजात वाचायची आणि तिच्यावर मोजके फोटो बसवायचे. दोन-तीन मिनिटांत काम संपलं पाहिजे. 2001 पासून बीबीसीने ‘कॅप्चर वेल्स’ या उपक्रमात हीच रीत घेऊन वेल्समधल्या गावांत कार्यशाळा भरवल्या. 2010 मध्ये व्हर्जिनियातल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठात जिम ग्रूम यांनी ‘डीएस106’ हा अभ्यासक्रम निराळ्या वाटेने नेला. तिथे एका मोठ्या कामाऐवजी छायाचित्र, ध्वनी, पोस्टर, चित्रफीत असे लहान लहान स्वाध्याय होते, आणि प्रत्येक स्वाध्यायासोबत तो कसा सुचला, कुठे अडला, कसा सुटला हे लिहिणं भाग होतं. या तिन्ही ठिकाणी साधनं वेगळी, माणसं वेगळी. पण आवाका मुद्दाम लहान ठेवण्यावर तिन्हींनी भर दिला. तीन मिनिटांत सगळं सांगता येत नाही, म्हणून निवडावं लागतं. आणि निवडावं लागलं की आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते शोधावं लागतं.

ही पद्धत जशीच्या तशी नगर जिल्ह्यात आणली तर मात्र पहिल्याच पायरीवर ती अडखळते. अमेरिकेतली आणि वेल्समधली गोष्ट उभी राहते ती घरातल्या फोटोंच्या अल्बमवर. पाथर्डी, शेवगाव किंवा जामखेड तालुक्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातला विद्यार्थी कॉलेजात बसलेला आहे असं समजा. त्याला ‘तुझ्या बालपणाचे बारा फोटो घेऊन ये’ असं सांगितलं, तर तो काय आणणार? आई-वडिलांचा लग्नातला एखादा फोटो, रेशनकार्डावरचा एक, आधारकार्डावरचे काही, शाळेच्या दाखल्यावर चिकटवलेला एक. कारखान्याच्या तळावरच्या कोपीत घालवलेल्या सहा-सहा महिन्यांचा फोटो कुणी काढलेलाच नसतो. ज्यांचं आयुष्य चित्रात आलेलं नाही त्यांना चित्रांवरून गोष्ट सांगा म्हणणं अन्यायाचं आहे. आणि बहुतेक वेळा विद्यार्थी ही पोकळी इंटरनेटवरून उतरवलेल्या कुणाच्या तरी ऊसतोडीच्या फोटोंनी भरून काढतो. त्या क्षणी गोष्ट त्याची राहत नाही. पण त्याच विद्यार्थ्याला ‘तुझ्या आठवणीतले पाच आवाज आण’ असं सांगून पाहावं. मोळ्या भरायला अंधारातच येऊन उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा आवाज, उसाच्या बुडाशी बसणारा कोयत्याचा घाव, वाढं खाणाऱ्या बैलांच्या गळ्यातली घुंगरं, उचलीचा हिशेब सांगणाऱ्या मुकादमाचा सूर, गावाकडे मागे राहिलेल्या आजीचा फोनवरचा आवाज. यातले निम्मे आवाज आजही जाऊन नोंदवता येतात, उरलेले आई-वडिलांकडून वदवून घेता येतात. गोष्टीला आधार मिळतो, आणि तो उसना नसतो.

आवाजाचा हा मार्ग आपल्याकडे नवा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर भरलेला हा संग्रह आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात डिजिटल रूपात ऐकायला मिळतो. त्यांपैकी कितीतरी बायकांच्या आयुष्याची दुसरी नोंद कुठे सापडणार नाही, पण आवाज आहे. ‘ख्वाडा’ या चित्रपटाचा दाखला तर थेट नगर जिल्ह्याचा. श्रीगोंदा तालुक्यातले भाऊराव कऱ्हाडे यांनी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट सांगितली, आणि 62 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला विशेष उल्लेखाबरोबरच एक पुरस्कार मिळाला तो प्रत्यक्ष स्थळावरच्या ध्वनिमुद्रणासाठी. मला तो योगायोग वाटत नाही. कळपाचा, कुत्र्यांचा, पालाबाहेरच्या वाऱ्याचा आवाज जिथल्या तिथे पकडायचा, मागाहून स्टुडिओत भरायचा नाही, हा निर्णय घ्यायला तो आवाज ओळखणारा कान लागतो. हा कान परिसरातून मिळतो. तो विश्वासाने वापरायला शिकवणं, एवढं काम अभ्यासक्रमाला करता येतं.

जवळून ओळखण्याचा हा गुण दृश्यात कसा उतरतो ते ‘फँड्री’त दिसतं. जब्याचं कैकाडी कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, आख्खं गाव मजा बघतंय, डुक्कर आता हाती लागणारच, आणि नेमकं तेव्हा शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो. मग एकेक करून घरातले सगळे ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटून जातं. पुढे ते डुक्कर बांबूला टांगून नेताना वाट जाते ती शाळेच्या भिंतीवरून, जिथे आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चित्रं रंगवलेली आहेत. या दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्याने कसलीही करामत केलेली नाही. अशी भिंत महाराष्ट्रातल्या हजारो शाळांना आहे, आणि गावात राहिलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली आहे. त्या भिंतीपुढून कोण, काय खांद्यावर घेऊन जातं, हे ज्याने लक्षात ठेवलं त्याला ते दृश्य सापडलं. ‘पिस्तुल्या’तही मुलगा आणि शाळा यांच्यामधलं अंतर आहेच. विद्यार्थीदशेतल्या छोट्या कामात पकडलेला धागा पुढच्या मोठ्या कामात अधिक ताणला गेला. गृहपाठ संपला, प्रश्न संपला नाही.

यावर सरळ आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. मंजुळे नगरला आले ते कोरी पाटी घेऊन नव्हे. मराठी साहित्यात त्यांनी पुणे विद्यापीठातून आधीच एम.ए. केलं होतं, ते कवी होते, तिशीतले होते, आणि वडार समाजात जन्मलेल्या माणसाला जातीचा अर्थ सांगायला कॉलेज लागत नाही. मग श्रेय अभ्यासक्रमाला का द्यायचं? माझं उत्तर असं की श्रेयाची वाटणी करायची गरजच नाही. अभ्यासक्रमाने काय घडवलं एवढंच पाहावं. कवीकडे अनुभव होता, भाषा होती. मुदत नव्हती, सहकारी नव्हते, आणि ‘यंदा तुला एक लघुपट करून दाखवायचा आहे’ असं कुणी सांगितलेलं नव्हतं. कविता एकट्याने, हवी तेव्हा लिहिता येते. लघुपटाला माणसं जमवावी लागतात, लहान मुलाकडून काम करून घ्यावं लागतं, उजेड जायच्या आत चित्रीकरण उरकावं लागतं. अभ्यासक्रमाची सक्ती ही अशा वेळी कृपा ठरते, कारण ती माणसाला मनातली गोष्ट मनात ठेवू देत नाही. शिवाय आक्षेपाची दुसरी बाजूही पाहायला हवी. जिल्ह्याच्या कॉलेजात येणारे पुष्कळ विद्यार्थी कोरी पाटी घेऊन येत नाहीतच. कुणी वारीत टाळ वाजवलेला असतो, कुणी तमाशाच्या फडामागे फिरलेला असतो, कुणी दुष्काळात चारा छावणीवर रात्री काढलेल्या असतात. कथनाची शिदोरी आधीपासून जवळ आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगणं हे शिक्षकाचं काम आहे.

दुसरा आक्षेप काटेकोर अभ्यासकांचा असेल: ‘पिस्तुल्या’ हा काल्पनिक लघुपट, त्याला लॅम्बर्ट यांच्या अर्थाने डिजिटल कथन कसं म्हणायचं? तिथे तर स्वतःची गोष्ट, स्वतःचा आवाज ही अट. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. पण ‘मी’ हा शब्द वापरला की गोष्ट आपली होते, हा समज मला मान्य नाही. प्रथमपुरुषी निवेदनातही माणूस उसन्या भावना मांडू शकतो, आणि दुसऱ्याच्या नावाने सांगितलेल्या गोष्टीत स्वतःला पुरता ओतू शकतो. अस्सल ‘मी’ कसा असतो हे पाहायला बर्कलीपर्यंत जायचंही कारण नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्याचा मोठा भाग नगर आणि राहुरी भागात गेला. त्यांचं शालेय शिक्षण झालेलं नव्हतं, तरी 1934 पासून चार भागांत आलेलं ‘स्मृतिचित्रे’ आजही ताजं वाटतं ते त्यातल्या बोलण्याच्या ढंगामुळे. मोठ्या घटनेपाशी त्या आवाज चढवत नाहीत, आणि घरातल्या किरकोळ प्रसंगाला पुरेसा वेळ देतात. डिजिटल कथनाच्या कार्यशाळेत ‘आवाजाची देणगी’ आणि ‘काटकसर’ अशी जी तत्त्वं शिकवली जातात, ती नगरच्या विद्यार्थ्याला या पुस्तकाची काही पानं मोठ्याने वाचून कानानेच उमगतील.

आता केलेल्या कामावरच्या चिंतनाकडे येऊ. या भागाला माझ्या मते सर्वाधिक महत्त्व आहे आणि आपल्या कॉलेजांत त्याचीच सर्वाधिक हेळसांड होते. प्रकल्पाची वही डोळ्यांपुढे आणा: स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, आत प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, प्रस्तावना, उद्दिष्टे, आणि शेवटच्या पानावर ‘या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळाले’. हे वाक्य गेल्या वर्षीच्या वहीतून यंदाच्या वहीत उतरतं आणि पुढच्या वर्षी आणखी कुणाच्या तरी. त्यात विद्यार्थ्याचा दोष नाही. त्याला विचारलंच आहे ‘काय शिकलास?’, आणि इतक्या मोठ्या प्रश्नाला असंच पोकळ उत्तर येणार. प्रश्न बारीक करायला हवा. सुरुवात इथून का केली? कोणतं दृश्य कापताना जिवावर आलं, आणि तरी का कापलं? आईच्या बोलण्यातला खोकला ठेवला की काढला? संगीत घातलं ते गोष्टीला हवं होतं म्हणून, की शांतता सहन होईना म्हणून? या प्रश्नांची उत्तरं गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवता येत नाहीत. आणि हे लिहिताना विद्यार्थ्याला एक गोष्ट कळते, जी नुसतं काम करून कळत नाही: हे निर्णय आपण घेतले होते, म्हणजे ते वेगळेही घेता आले असते. पुढच्या कामाची सुरुवात तिथून होते.

लेखी टिपणच चिंतनाचं एकमेव रूप आहे असं नाही. ‘पावसाचा निबंध’ या लघुपटासाठी मंजुळे यांना 65 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत नॉन-फीचर विभागातल्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. त्यात शाळकरी मुलाला पावसावर निबंध लिहायला सांगितलेला असतो आणि बाहेर खरा पाऊस त्याचं घर, त्याची वाट, त्याचा दिवस भिजवून टाकत असतो. निबंधाच्या ठरलेल्या साच्यात हा पाऊस मावत नाही. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या लघुपटापासून सुरुवात केलेल्या दिग्दर्शकाने काही वर्षांनी गृहपाठ हाच विषय करावा, यात मला त्या जुन्या प्रश्नाचं चिंतन दिसतं. शाळा जे लिहायला सांगते आणि मुलगा जे जगतो, त्यांची गाठ कुठे पडते?

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, रील करायला कुणी अभ्यासक्रम लावत नाही, मग हा खटाटोप कशाला, असंही विचारलं जातं. या प्रश्नात फार वेळ घालवावा असं मला वाटत नाही. रील बघणाऱ्याला काही सेकंद थांबवून ठेवते आणि पुढच्या रीलकडे ढकलते. ती करणाऱ्याला ‘हे का केलंस’ असं कुणी विचारत नाही. वर्गात विचारतात. फरक एवढाच, पण तो पुरेसा आहे.

मात्र एका आक्षेपापुढे मलाही थबकावं लागतं. आपली गोष्ट सांगा म्हणायचं आणि तिला गुण द्यायचे, म्हणजे दुःखाचा बाजार मांडणं नव्हे का? ज्याच्या घरात दुष्काळ, कर्ज, व्यसन, त्याची गोष्ट परिणामकारक. ज्याचं बरं चाललंय त्याची फिकी. मग विद्यार्थी गुणांसाठी जखमा उघड्या करायला, किंवा नसलेल्या जखमा रंगवायला शिकतो. त्याहून गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा. ‘फँड्री’ फेब्रुवारी 2014 मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली, सवर्ण मुलीशी असलेल्या कथित मैत्रीच्या रागातून. 2017 मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. ज्या जिल्ह्यात हे घडतं, तिथे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला ‘मोकळेपणाने सांग’ असा सल्ला देणं सोपं आहे. परिणाम भोगायला सल्ला देणारा तिथे नसतो. गावात कुणाची गोष्ट कुणाची आहे हे नाव बदलल्याने लपत नाही.

या आक्षेपाला मी ‘तरीही’ असं उत्तर देणार नाही, कारण तो खरा आहे. तो मान्य करूनच अभ्यासक्रमाची रचना करावी लागेल. लॅम्बर्ट यांच्या केंद्राने सांगणाऱ्याच्या हक्कांची सनदच केली, ती याच अनुभवातून: काय सांगायचं, कुणाला दाखवायचं, आणि दाखवायचं की नाही, हे सांगणारा ठरवेल. आपल्या कॉलेजांत याचा अर्थ असा की प्रदर्शन आणि गुण यांची फारकत झाली पाहिजे. विद्यार्थ्याने काम पूर्ण करून ते फक्त शिक्षकाला दाखवलं, किंवा तेही न दाखवता त्यामागच्या निर्णयांचं टिपण तेवढं दिलं, तरी त्याचे गुण कापले जाऊ नयेत. गुण द्यायचे ते निर्णयांना. कुणाची व्यथा किती मोठी यावर परीक्षकाने मत देऊच नये. एखाद्याने आपल्या आजोबांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर केलेलं शांत काम, नेमक्या निवडीमुळे, सर्वांत सरस ठरू शकतं आणि ठरलं पाहिजे.

दुसऱ्याची गोष्ट सांगतानाही हाच नियम. पारधी, कैकाडी, धनगर यांच्या वस्त्या नगर जिल्ह्यात आहेत, आणि ‘पिस्तुल्या’, ‘फँड्री’, ‘ख्वाडा’ यांच्या यशानंतर कॅमेरा घेऊन तिकडे वळण्याचा मोह विद्यार्थ्यांना होणं साहजिक आहे. मढीच्या यात्रेत भटक्या समाजांचे लोक जमतात तिथेही कॅमेरे पोचतात. जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण चित्रीकरणाआधी काय सांगून परवानगी घेतली, तयार झालेलं काम त्या वस्तीवर आधी दाखवलं का, आणि त्यांनी काढायला सांगितलेलं काही काढलं का, हे तीन प्रश्न टिपणात आले नाहीत तर तो प्रकल्प अपुरा समजावा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्रीय प्रकल्पांना आता श्रेयांक आहेत. म्हणजे अशी कामं यापुढे दरवर्षी ढिगाने होणार. त्यांचं काय करायचं हे कॉलेजांनी आत्ताच ठरवावं. ओव्यांच्या संग्रहात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलेलं असतं, म्हणून तिची ओवी तिचीच राहते. विद्यार्थ्यांच्या लघुपटांना आणि ध्वनिफितींनाही तशी नोंद हवी, सोबत निर्णयांचं टिपण हवं, आणि सांगणाऱ्याने मागितलं तर काम परत देण्याची सोय हवी. त्यासाठी एक कपाट, एक संगणक आणि ते सांभाळणारा एक माणूस लागेल. न्यू आर्ट्ससारख्या कॉलेजाला हे अवघड नाही.